‘प्राट’ : दार, तार आणि थारचं भांडण मिटवणारं फुकटचं सॉफ्टवेअर

आधी तक्रारी सांगून टाकते, म्हणजे पुढे कौतुक करायला मी मोकळी. ‘प्राट’ हे बोलण्याचा आवाज पडद्यावर चित्रासारखा दाखवणारं सॉफ्टवेअर. ते उघडलं की एकदम दोन खिडक्या उघडतात. त्यातली एक चित्रं काढण्यासाठी आहे आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना ती सहसा लागत नाही. मी ती आधी बंद करून टाकते. बटणं करडी, मांडणी नव्वदच्या दशकातली, मेनूंची नावं ध्वनिशास्त्रात एम. ए. केलेल्यांसाठी ठेवलेली. आपोआप काही सेव्ह होत नाही. तुम्ही आठवणीने फाईल साठवली नाही आणि प्रोग्रॅम बंद केला, तर अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग गेलं ते गेलंच. मराठी मेनू नाहीत. फोनवर चालत नाही.

आणि तरीही माझ्या लॅपटॉपवर वर्डच्या खालोखाल सगळ्यात जास्त उघडलं जातं ते हेच.

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक या दोघांनी 1992 पासून हे घडवलं आहे, आणि अजून त्याच्या नव्या आवृत्त्या येत असतात. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत, ईमेल पत्ताही मागत नाहीत. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ बोलण्याचा आवाज मोजायला हेच वापरतात. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. मी पुण्यात अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. हिंजवडीतले तमिळ इंजिनिअर, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत बदलून आलेले कोरियन, लग्न होऊन इकडे आलेल्या मुली, आणि अधूनमधून नातवंडांशी मराठीत बोलायचं म्हणून हट्टाने येणारे आजी-आजोबा. त्यामुळे हा रिव्ह्यू शिकवणीच्या टेबलावरचा आहे, प्रयोगशाळेतला नाही.

आमच्याकडे रोजचं भांडण ठरलेलं. मी म्हणते, “दार.” समोरचा म्हणतो, “तार.” मी म्हणते, “तार नाही हो, दार.” तो म्हणतो, “मॅडम, तेच तर म्हणालो!” आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या कानाला दोन्ही एकच असतात. लहानपणापासून ज्या फरकाला काही अर्थच नव्हता तो कान टिपणार तरी कसा? मग मी घशावर हात ठेवायला सांगते, तोंडासमोर कागदाची पट्टी धरते, जुने मास्तर करायचे ते सगळं करते. कागदाची पट्टी ‘फार’ला झकास उडते. ‘भार’ला मात्र नुसती हलल्यासारखी करते, आणि ती हलली की नाही यावरून नवा वाद. ‘प्राट’ने हे भांडण मिटवलं. इथे कुणाच्या कानावर विश्वास ठेवावा लागत नाही, पडद्यावर बोट ठेवता येतं.

मराठीचं सुख असं की चारही घरं भरलेले शब्द आयते मिळतात. तार, थार, दार, धार. पार, फार, बार, भार. कार, खार, गार, घार. (थार म्हटल्यावर हल्ली कुणाला वाळवंट आठवत नाही, गाडी आठवते. माझं काम दोन्हींवर भागतं.) वर्णमालेत आपण ही घरं घोकली, पण त्या तक्त्याच्या चार खांबांत दोनच प्रश्न आहेत हे शाळेत धड कुणी सांगितलं नाही. पहिला, घशातल्या पडद्या कधी थरथरायला लागतात. दुसरा, तोंड उघडल्यावर हवेचा झोत येतो की नाही. घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण म्हणतात ते हेच.

आता पडद्यावर काय दिसतं ते सांगते. ‘न्यू’ मेनूतून ‘रेकॉर्ड मोनो साउंड’, शब्द बोलायचा, ‘सेव्ह टू लिस्ट’, मग ‘व्ह्यू अँड एडिट’. वरच्या अर्ध्या भागात आवाजाची लाट दिसते, खाली काळ्या-करड्या छटांचं चित्र. ‘पल्सेस’ चालू केलं की लाटेवर निळ्या उभ्या रेघा येतात, घशातल्या प्रत्येक फडफडीला एक.

‘तार’ बघा. सपाट शांतता, मग जीभ सुटल्याचा एक काटा, आणि लगेच निळ्या रेघांची रांग. तो काटा आणि पहिली रेघ यांच्यामध्ये माऊस ओढला की वर सेकंदांत आकडा येतो. माझ्या ‘त’ला तो 0.012, 0.015 असा असतो, म्हणजे दहा-पंधरा मिलिसेकंद. ‘थार’मध्ये काटा येतो, पण नंतर निळी रेघ नाही, नुसतं खरखरीत गवत उगवलेलं दिसतं. ती सुटलेली हवा. साठ-सत्तर मिलिसेकंदांनी रेघा सुरू होतात. ‘दार’मध्ये सगळं उलटं. काटा यायच्या आधीच, तोंड अजून बंद असताना, बारीक एकसारख्या लहरी चालू असतात आणि खालच्या चित्रात तळाशी काजळाच्या रेघेसारखी एक काळी पट्टी पडते. घसा आधी बोलतो, जीभ मागून सुटते. विद्यार्थ्याच्या ‘दार’च्या तळाशी ती पट्टी नसेल तर मला तोंड उघडायची गरजच नाही. त्याला स्वतःलाच दिसतं.

ह्या आकड्यांवरून इंग्रजीची गंमतही कळते. इंग्रजी बोलणारे शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के भरपूर हवा सोडून म्हणतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 साली जी मोजमापं छापली, त्यात अमेरिकन इंग्रजीचे सरासरी आकडे 58, 70 आणि 80 मिलिसेकंद असे आहेत. म्हणजे पार आपल्या फ-थ-खच्या अंगणात. आणि त्यांचा बी, डी, जी शब्दाच्या सुरुवातीला बरेचदा घसा न थरथरवताच सुटतो, म्हणजे आपल्या प-त-कच्या शेजारी. म्हणून माझ्या एका अमेरिकन विद्यार्थिनीने वहीत ‘पाणी’ ऐकून ‘बानी’ लिहिलं होतं. तिच्या हिशेबाने ते चोख होतं. हवा नाही, म्हणजे बी.

त्या 1964 च्या लेखाबद्दल थोडं अजून, कारण तो वाचून मला माहेरची माणसं परदेशात भेटल्यासारखं झालं. दोघांनी अकरा भाषा घेतल्या होत्या, आणि त्यात हिंदीच्या बरोबरीने मराठीही होती. तमिळ होती, कोरियन होती. माझा अख्खा वर्गच! त्यांची युक्ती साधी होती: काट्यापासून घसा सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा, आधी सुरू झाला तर उणे आकडा लिहायचा. या एका मापाने बहुतेक भाषांतली घरं छान वेगळी निघाली. आपल्यापुरतं अडलं ते कुठे? हिंदी-मराठीच्या द-धपाशी. दोन्हींत घसा आधीच चालू, दोन्हींचा आकडा उणे. त्या मापाला दार आणि धार वेगळे करता येईनात.

इथे ‘प्राट’ वापरणाऱ्या शिक्षकांना माझा मोलाचा सल्ला: ‘ध’, ‘भ’, ‘घ’साठी काट्याच्या अलीकडे नाही, पलीकडे बघा. ‘धार’मध्ये काट्यानंतर लगेच स्वच्छ ‘आ’ येत नाही. लहरी असतात, पण विस्कटलेल्या, त्यांत हवा मिसळलेली. निळ्या रेघा तिथे कधी असतात, कधी प्रोग्रॅमला सापडतच नाहीत. मग ‘आ’ हळूहळू सावरतो. घसा अर्धा मिटलेला, अर्धा उघडा. आपल्या पूर्वजांनी हे नुसत्या कानाने आणि स्वतःच्या घशाने ओळखलं होतं. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदांच्या उच्चारांवरच्या प्राचीन ग्रंथात कंठ मिटला की नाद, उघडला की श्वास, आणि मधल्या स्थितीत हकार, असं स्वच्छ सांगितलं आहे. ‘ध’मधला तो विस्कटलेला तुकडा पडद्यावर दाखवून मी हे सूत्र सांगते, तेव्हा इंजिनिअर मंडळी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने बघतात.

आता प्रत्यक्ष वर्गात. कोरियन साहेबांचा ‘द’ मला महिनोन्महिने पुरून उरला असता. कोरियनमध्ये तीन प्रकारचे स्फोट (म्हणजे प-त-कसारखे हवा अडवून सोडायचे वर्ण) आहेत आणि शब्दाच्या सुरुवातीला तिन्हींत घसा थरथरत नाही. त्यांचा साधा ‘त’ तर हल्लीच्या सोलच्या तोंडी बराच हवा घेऊन येतो. म्हणून साहेब ‘दार उघडा’ म्हणायला गेले की ‘थार उघडा’ होतं. पण हाच साधा वर्ण दोन स्वरांच्या मध्ये सापडला की त्यांच्या तोंडून आपोआप ‘द’ बनतो, त्यांच्या नकळत. म्हणून मी त्यांना ‘दार’ म्हणायला सांगितलंच नाही.

“‘हे दार’ म्हणा, सर. एका दमात.”

“हेदार.”

पडद्यावर ‘हे’पासून ‘दा’पर्यंत निळ्या रेघा अखंड, तळाची पट्टी कुठे तुटलेली नाही. ते पुढे वाकून बघत राहिले. मी विचारलं, हे कुणी म्हटलं? मग ‘हे’ बारीक करत न्यायचं. नुसता ‘ए’ उरला, मग मनातल्या मनात, मग ओठ मिटून एक हुंकार, आणि त्यावरून थेट ‘दार’. दर वेळी रेकॉर्ड, दर वेळी पट्टी आहे का बघायची. पट्टी आखूड होत गेली, पण गेली नाही. हे काम एरवी मला कानाने करावं लागलं असतं, आणि ‘आत्ता बरोबर, आत्ता चूक’ या माझ्या शब्दावर त्यांना विसंबावं लागलं असतं. इथे ते स्वतःच ‘वन्स मोर’ म्हणत होते.

तमिळ मंडळींचा प्रश्न वेगळा. ग, द, ब त्यांना जमतात, लिपीत वेगळं अक्षर नसलं तरी बोलण्यात ते आवाज आहेत. हवा मात्र कुठेच नाही. ‘भाऊ’चा ‘बाऊ’ होतो. ‘ब’ला ‘ह’ जोडा म्हटलं की ‘बहाऊ’ म्हणतात आणि त्यांना वाटतं, झालं. कानाला ते जवळपास ‘भाऊ’ लागतंही, घाईत मी सोडून दिलं असतं. पडद्यावर मात्र दोन उंचवटे दिसतात, मध्ये एक चोरटा ‘अ’ बसलेला. तो ‘अ’ माऊसने निवडायचा, टॅब दाबायचा, तेवढाच तुकडा वाजतो. एकदा तो ऐकला की माणूस खजील होऊन हसतो आणि पुढच्या खेपेला गिळायला शिकतो.

सगळ्यात गोड अनुभव अमृतसरकडच्या एका आजींचा. मुलगा इथे स्थायिक, नातू मराठी शाळेत. आजी ‘घरी चला’ म्हणायच्या आणि मला ‘करी चला’ ऐकू यायचं. पंजाबीत शब्दाच्या सुरुवातीचे घ, ध, भ काळाच्या ओघात क, त, प झाले आणि हवेची जागा सुराने घेतली. पुढचा स्वर खालच्या पट्टीत उतरतो. ‘प्राट’मध्ये सुराची रेघ दाखवायची सोय आहे. ती लावली आणि आजींच्या ‘घरी’त रेघ आधी खोल खाली जाऊन मग वर आली. माझ्या ‘करी’त तसं काही नाही. म्हणजे आजी ‘क’ म्हणत नव्हत्याच, त्यांच्या परीने अगदी पक्का ‘घ’ म्हणत होत्या. “मॅडमजी, देखो, मैं सही थी,” म्हणाल्या. होत्याच. त्यानंतर त्यांचा ‘घ’ दुरुस्त करायचा मी नाद सोडला. नातवाला आजी कळते, एवढं बास.

आणि आता आपलं स्वतःचं. हे सॉफ्टवेअर शुद्ध उच्चाराच्या अभिमान्यांनी जरा जपून वापरावं. ‘दूध’ म्हणून बघा, ‘वाघ’ म्हणून बघा, ‘जीभ’ म्हणून बघा. शेवटचा महाप्राण शोधायला जा. नेहमीच्या बोलण्यात तो फारसा सापडत नाही, दूद आणि वागच सापडतात. आमच्या घरातल्या, सोसायटीतल्या, दिवाळीला आलेल्या सगळ्यांची मी रेकॉर्डिंगं केली आणि मोठ्या आवाजात मुद्दाम म्हटल्याशिवाय कुणाच्याच शेवटी हवा दिसेना. मराठीची ही जुनीच खोड. हिंदीत हाथ, भूख, भीख राहिले, आपण हात, भूक, भीक केले आणि तसे लिहूनही टाकले. ‘दूध’, ‘वाघ’, ‘जीभ’ यांचं स्पेलिंग तेवढं मागे राहिलं. ‘वाघाला’ म्हटलं की ‘घ’ पुढे स्वर येतो आणि हवा परत थोडी डोकावते. मी हे विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. नाहीतर बिचारे ‘दूध’चा ‘ध’ फुंकर घालून म्हणत बसतात आणि दूधवाला त्यांच्याकडे बघत राहतो. ‘म्हैस’, ‘न्हाणी’, ‘कोल्हा’ यातले हवेचे म, न, ल हा एक स्वतंत्र खजिना आहे, पण तिथे काटाच नसतो, त्यामुळे नवशिक्याने पडद्यावर शोधू नयेत. डोकं फिरतं.

फसवणुकीच्या जागाही आहेत. पंखा आणि विजेची घरघर हा पहिला शत्रू. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. चार्जर लावलेला असला की कधीकधी चित्राच्या तळाशी तीच गुणगुण पट्टी बनून पडते, आणि ‘तार’लाही घसा चालू असल्यासारखं दिसतं. बोलायला लागण्याच्या बऱ्याच आधीच्या शांततेतही पट्टी दिसली, तर ती विजेची समजा. दुसरा शत्रू व्हिडिओ कॉल. त्यातली गोंगाट काढायची सोय तोंड बंद असतानाची ती बारीक गुणगुणच गोंगाट समजून पुसू शकते, आणि उत्तम ‘द’ म्हणणारा माणूस पडद्यावर ‘त’ म्हणताना दिसतो. जुन्या टेलिफोन लाईनवरही 300 हर्ट्झच्या खालचं फारसं जात नसे आणि माणसाच्या घशाचा मूळ सूर सहसा त्याच्या खालीच असतो. तरी आपण फोनवर दार-तार ओळखायचो. कारण कान एका पट्टीवर विसंबत नाही, आजूबाजूचे दहा पुरावे गोळा करतो. सॉफ्टवेअरच्या निळ्या रेघा त्यातला एकच पुरावा आहेत. ऑनलाईन शिकवणीत मी विद्यार्थ्याला त्याच्याच बाजूला रेकॉर्ड करून फाईल पाठवायला सांगते.

तिसरी गोष्ट म्हणजे आकड्यांचं वेड. इंजिनिअर विद्यार्थी असेल तर हमखास. “मॅडम, माझा ‘थ’ 58 आला, तुमचा 66.” अहो, तो शब्द किती घाईत म्हटला, पुढे कोणता स्वर आहे, क आहे की प आहे, यावर आकडा हलतो. ‘ख’ला ‘फ’पेक्षा जास्त वेळ लागणं साहजिक आहे. गुण द्यायला हे वापरू नका. घर बरोबर आहे का एवढंच बघा.

मोबाईलवरच्या शिकवणी अ‍ॅपशी तुलना करायची तर, एका नावाजलेल्या अ‍ॅपवर मी ‘खार’च्या धड्याला ठणठणीत ‘कार’ म्हटलं आणि हिरवी खूण मिळाली. ‘गार’ म्हटलं, तेव्हाही मिळाली. ते अ‍ॅप अंदाजाने शब्द ओळखतं, उच्चार तपासत नाही. ‘प्राट’ उलट कधीच ‘शाब्बास’ म्हणत नाही. बरोबर-चूक काही सांगत नाही, जे झालं ते दाखवतं. म्हणूनच एकट्याने शिकणाऱ्याला ते फारसं उपयोगी नाही. शेजारी कुणीतरी हवं, जे बोट ठेवून सांगेल, हा काटा, ही पट्टी, इथे बघ.

तर कुणी घ्यावं? मराठी शिकवणाऱ्यांनी जरूर. नाटकात, आकाशवाणीवर, डबिंगमध्ये उच्चारांवर काम करणाऱ्यांनी एकदा तरी. बोलायला उशिरा शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी मात्र हे घेऊन घरी निदान करत बसू नये, त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जावं. संगणकाची ज्यांना धास्ती आहे त्यांनी पहिल्या दिवशी एखादा भाचा-पुतण्या शेजारी बसवावा. माझ्या भाचीने मला तीन गोष्टी कागदावर लिहून दिल्या होत्या: रेकॉर्ड कसं करायचं, मोठं कसं करायचं, साठवायचं कसं. बाकीचे शंभर मेनू मी आजतागायत उघडलेले नाहीत आणि त्यावाचून काही अडलंही नाही. लांबलचक रेकॉर्डिंग उघडलं आणि खालचं चित्र गायब दिसलं तर घाबरू नका. दहा सेकंदांपेक्षा मोठा तुकडा समोर असेल तर ते चित्र काढतच नाही, जवळ जा म्हणजे दिसेल.

सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून वाचलेले पैसे माईकवर घाला. लॅपटॉपचा अंगचा माईक टाळा, वायरचा साधा हेडसेट पुरतो. तो तोंडासमोर न धरता गालाच्या बाजूला धरा, नाहीतर ‘फ’ची सगळी हवा माईकवर आदळते आणि लाट फुटून जाते. पंखा बंद, चार्जर काढलेला. उन्हाळ्यात मी सकाळी साडेसातची वेळ देते.